‘चालत नाही’ या वाक्याचा कर्ता कोण?

‘लिनक्सवर वेबकॅम चालत नाही.’

हे वाक्य मी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते मला म्हणीसारखे वाटू लागले आहे. संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो, क्लासवाला म्हणतो, शाळेत संगणक शिकवणारे सर म्हणतात, आणि ज्याने आयुष्यात कधी लिनक्स पाहिलेले नाही तो तर सगळ्यांत ठासून म्हणतो. म्हणीला पुरावा कोण मागतो?

मी पडलो मराठीचा मास्तर. मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला लावण्यात उभी नोकरी गेली. त्यामुळे असे वाक्य कानावर आले की जुनी सवय जागी होते. ‘कॅमेरा चालत नाही’ यात व्याकरणाने कर्ता कॅमेरा. चालायचे त्याने, न चालण्याचा दोषही त्याचाच. किंवा लिनक्सचा, कारण त्याच्या घरात हे घडले. पण थोडे खोलात गेले की दिसते, या वाक्यामागे आणखी एक वाक्य दडलेले आहे: ‘कॅमेऱ्याची माहिती दिली गेली नाही.’ आता सांगा, कोणी दिली नाही? हा कर्ता वाक्यात कुठेच नाही. तो सोयीने बाहेर उभा आहे, आणि मार खातो आहे भलताच.

मंडळी, आज त्या लपलेल्या कर्त्याला वर्गात आणून उभे करायचे आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युनिक्स ही अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ च्या सुमारास जन्मलेली संगणक चालवणारी प्रणाली. तिच्याच वळणावर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. तो सगळ्यांना वाचायला खुला आहे. त्याच १९९१ साली इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला गेला. भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जिना उतरण्याआधी जागेवरूनच दिसावे एवढाच हेतू. जगातला पहिला वेबकॅम म्हणतात तो हाच. आणि त्याचे चित्र पाहणारा पहिला कार्यक्रम चालत होता तो युनिक्सच्या घरातल्या एक्स विंडो पद्धतीवर! म्हणजे ज्या कुळाला आपण ‘तुमच्याकडे कॅमेरा चालत नाही’ म्हणून हिणवतो, त्याच्याच अंगणात वेबकॅम रांगायला शिकला.

मग गाडी अडली कुठे?

अडली ती ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे इथे गाडी हाकणारा नव्हे, दुभाष्या. कॅमेरा त्याच्या भाषेत बोलतो, कर्नेल त्याच्या. मध्ये दोघांच्या भाषा जाणणारा कोणी तरी हवा. आता कॅमेऱ्याची भाषा कोणाला ठाऊक? ज्याने तो बनवला त्याला. त्याने व्याकरणाचे पुस्तक कुलुपात ठेवले आणि फक्त विंडोजपुरता दुभाष्या सीडीवर घालून डबीत टाकला, तर बाकीच्यांनी काय करायचे? २००० नंतरच्या सात-आठ वर्षांत बाजारात आलेल्या असंख्य स्वस्त कॅमेऱ्यांची हीच कथा. ‘चालत नाही’ ही म्हण त्याच काळात तयार झाली, आणि त्या काळापुरती ती पुष्कळशी खरीही होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गुन्हेगार चुकीचा पकडला गेला.

फिलिप्सच्या कॅमेऱ्यांचे उदाहरण घ्या. ‘नेमोसॉफ्ट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरने त्यांच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. कंपनीशी गुप्ततेचा करार केल्यामुळे त्याला माहिती मिळाली, पण ती उघड करता येईना. म्हणून ड्रायव्हरचे दोन तुकडे झाले. एक उघडा, कर्नेलमध्ये. दुसरा बंद, बाहेरून जोडायचा. मोठे आणि वेगवान चित्र हवे असेल तर हा बंद तुकडा लागे. २००४ च्या ऑगस्टमध्ये कर्नेल सांभाळणाऱ्यांनी सांगितले की बंद तुकडा जोडण्यासाठी ठेवलेली खुंटी आम्ही काढतो, कारण जे वाचता येत नाही त्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. नेमोसॉफ्ट चिडला आणि म्हणाला, मग माझा सगळाच ड्रायव्हर काढा. काढला! हजारो लोकांचे चांगले चालणारे कॅमेरे अधांतरी लटकले. पुढे लुक सेयार नावाच्या माणसाने त्या बंद तुकड्याचे गणित स्वतः सोडवले आणि ड्रायव्हर पुन्हा उभा केला, या वेळी संपूर्ण उघडा. या सगळ्या रामायणात कॅमेरा एकदाही नादुरुस्त नव्हता, हे लक्षात घ्या.

दुसरे उदाहरण मला फार प्रिय आहे. मिशेल झार हे फ्रान्समधले डॉक्टर. पेशाने वैद्य, आणि फावल्या वेळात वेबकॅमची भाषा उलगडणारे. कॅमेरा तारेवरून काय बोलतो ते ऐकायचे, टिपायचे, अर्थ लावायचा. असे करत करत २००७ पर्यंत या गृहस्थाने दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांना लिनक्सवर बोलते केले. ते काम पुढे इतरांनी नीट मांडले आणि २००८ मध्ये ते कर्नेलमध्येच गेले. मोठमोठ्या कंपन्या जी माहिती कागदाच्या चार पानांवर देऊ शकल्या असत्या, ती एका डॉक्टराला रात्री जागून शोधून काढावी लागली. याला आपण काय म्हणायचे? मी तर याला कंपन्यांचा करंटेपणा म्हणतो.

आणि माहिती उघडी केली की काय होते तेही पाहा. यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २००३ मध्ये कॅमेऱ्यांसाठी एक समान भाषा ठरवली. तिचे नाव यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूव्हीसी. जो कॅमेरा ही प्रमाणभाषा बोलतो त्याला स्वतंत्र दुभाष्या लागत नाही. लॉरां पँशार यांनी लिहिलेला तिचा ड्रायव्हर जुलै २००८ च्या २.६.२६ या कर्नेलात दाखल झाला. आज दुकानात मिळणारे बहुतेक वेबकॅम हीच भाषा बोलतात. लिनक्सच्या संगणकाला जोडले की सीडी नाही, डाउनलोड नाही, चित्र सुरू. म्हणजे म्हण शिळी होऊन बराच काळ लोटला, तरी आपली घोकंपट्टी चालूच आहे.

उलट गंमत ऐका. विंडोज एक्सपीच्या काळातले किती तरी कॅमेरे आजच्या विंडोजवर जोडले की मुके राहतात, कारण बनवणाऱ्याने नव्या विंडोजसाठी दुभाष्या दिलाच नाही. तेच कॅमेरे लिनक्सवर पुष्कळदा बोलतात, कारण त्या फ्रेंच डॉक्टरांचे काम कर्नेलच्या पोटात जपून ठेवलेले आहे. आता ‘चालत नाही’ कुठे म्हणायचे?

इथवर झाला कंपन्यांचा भाग. आता आपल्या घरच्यांकडे वळतो, आणि इथे मला जास्त राग आहे.

आमचे दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यातले, शेतीवर जगणारे गाव. इथला शेतकरी विहिरीवरची मोटार चालत नाही म्हणून मोटार फेकत नाही. पहिला प्रश्न विचारतो, फेज आहेत का? मग स्टार्टर पाहतो, मग केबल, मग बेअरिंग, आणि शेवटी वाइंडिंग. फवारणीचा पंप अडला तर नोझल काढून फुंकतो, वायसर बदलतो. ज्याला तुम्ही अडाणी म्हणता त्याच्याजवळ शोधाचा क्रम आहे. आणि संगणकाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारा काय म्हणतो? “सर, चारशे रुपयांत नवा येते, काहून डोकं लावता?” पडद्यावर आलेला संदेश तो वाचतसुद्धा नाही. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. वाचायचा असतो, हेच त्याला कोणी शिकवलेले नाही. क्लासात त्याला कुठे टिचकी मारायची ते शिकवले. यंत्राने काही सांगितले तर ऐकायचे कसे, हा धडाच अभ्यासक्रमात नव्हता.

लिनक्स मात्र सांगत असते, आणि मास्तराला शोभेल इतके चिकाटीने सांगत असते. त्याचा एक हजेरीपट आहे. टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही अक्षरे लहान लिपीत सलग लिहा. जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव आणि दोन क्रमांक दिसतात, एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. डबीवरच्या रंगीत नावाला भुलू नका. बाजारात नावे शेकडो, आतल्या चिप मोजक्या. कोणता दुभाष्या हवा हे त्या क्रमांकावरून कळते. हजेरीपटात कॅमेऱ्याचे नावच नसेल, तर ड्रायव्हरवर चर्चा करणे म्हणजे गैरहजर मुलाचा पेपर तपासणे. तिथे तार, खाच किंवा खुद्द कॅमेरा पाहायचा.

दुसरे आहे रोजनिशीचे पान: डी-एम-ई-एस-जी. काही ठिकाणी त्याआधी ‘सुडो’ लिहावे लागते. कॅमेरा जोडल्या क्षणापासून कर्नेलने काय पाहिले ते तिथे ओळीने लिहिलेले असते. ‘एरर उणे ७१’ किंवा ‘उणे ११०’ दिसला तर बहुधा बोलणेच नीट पोचत नाही, किंवा उत्तर वेळेत येत नाही. अशा वेळी लांबलचक जोडतार काढा. यूएसबी दोनच्या तारेची मर्यादा पाच मीटर आहे. कॅबिनेटच्या पुढच्या सैल खाचेऐवजी मागच्या खाचेत लावा. चार वस्तू लटकलेला हब बाजूला करा, कारण यूएसबी दोनची खाच ५०० मिलिअँपिअर देते आणि तेवढ्यात सगळ्यांचे भागत नाही. म्हणजे पुन्हा तेच, फेज आहेत का?

‘परमिशन डिनाइड’ आले तर कॅमेरा ठणठणीत आहे, तुमचे नाव ‘व्हिडिओ’ या गटात नाही इतकेच. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आले तर दुसरा एखादा कार्यक्रम कॅमेरा धरून बसला आहे. तो बंद करा, काम झाले. या दोन वाक्यांपायी किती कॅमेरे कचऱ्यात गेले असतील याचा विचार करतो तेव्हा जीव हळहळतो.

आता लिनक्सवाल्यांचीही खरडपट्टी काढतो, नाही तर मी पक्षपाती ठरेन. त्यांचा एक संदेश आहे, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. एकाच संगणकाला दोन कॅमेरे लावले की हा हमखास भेटतो. सरळ अर्थ काय निघतो? जागा शिल्लक नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने हा संदेश वाचून (निदान त्याने वाचला तरी!) डिस्कवरचे बहिणीच्या लग्नाचे फोटो पुसून टाकले. तरी संदेश जाईना. जाणार कसा? ही जागा डिस्कवरची नाहीच, तारेवरची आहे. यूएसबीतल्या ‘बी’चा अर्थ बस, आणि ही बस अगदी आपल्या यष्टीसारखी वागते. काही कॅमेरे चढताच गरजेपेक्षा जास्त जागांवर रुमाल टाकून ठेवतात. हिशोबच मांडू. यूएसबी दोनची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट. चित्रासारख्या अखंड वाहतुकीसाठी त्यातला ८० टक्केच भाग राखता येतो, म्हणजे ३८.४ कोटी. ६४० बाय ४८० चे साधे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायला १५ कोटींच्या आतच लागतात. पण कॅमेरा जास्तीत जास्त आरक्षण मागतो ते जवळपास १९.७ कोटींचे. अशा दोघांचे झाले ३९ कोटींच्या वर. कंडक्टर म्हणतो, जागा नाही! बाके रिकामी आणि दुसरा प्रवासी फाट्यावर उभा.

उपाय सोपे आहेत. दुसरा कॅमेरा वेगळ्या बसवरच्या खाचेत लावा, चित्राचा आकार कमी करा, किंवा ‘क्वर्क्स’ या पर्यायात १२८ हा आकडा देऊन यूव्हीसी ड्रायव्हरला सांगा की कॅमेऱ्याच्या मागणीवर विसंबू नकोस, गरज तूच मोज. हा शेवटचा उपाय बिनसंकुचित चित्रासाठी आहे. पण हे सगळे त्या एका ओळीतून सामान्य माणसाला कसे कळावे? ‘तारेवर जागा नाही’ एवढे तीन शब्द लिहायला काय जात होते? तीच गत २०१८ नंतरच्या कर्नेलांत. कॅमेरा एक, पण यादीत ‘व्हिडिओ शून्य’ आणि ‘व्हिडिओ एक’ अशी दोन नावे. दुसऱ्यावर चित्र येतच नाही, ते कॅमेऱ्याच्या जास्तीच्या नोंदींसाठी असते. नवखा माणूस नेमके तेच निवडतो आणि म्हण पुन्हा खरी ठरते. शहाण्यांनी यावर हसू नये. विचारणाऱ्याला ‘आधी माहितीपुस्तक वाचा’ म्हणून हाकलणे हेसुद्धा दार लावून घेणेच आहे. कंपनीने कुलूप लावले, तुम्ही कडी लावली.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, व्हिडिओ कॉल त्यावर होतो, वेबकॅमचे रडगाणे कशाला? आक्षेप रास्त आहे. ज्या माउलीला परगावच्या लेकराचे तोंड पाहायचे आहे तिने खुशाल मोबाईल वापरावा, तिला टर्मिनल उघडायला सांगणारा मी कोण? माझे भांडण शाळेसाठी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ नियमाने बसतच नाही. खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये असे संगणक प्लॅस्टिकच्या कापडाखाली झाकलेले आहेत. त्यांच्यावर लिनक्स बसते आणि चांगले चालते. केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षे त्यावर शिकवत आहेत. अशा संगणकाला एक साधा वेबकॅम लावला की वर्गात काय काय करता येते पाहा. स्टँडला उलटा टांगला की पुस्तकाचे पान भिंतीवर दिसते. पुढची छोटी भिंगाची नळी काढून उलटी बसवली की तोच कॅमेरा सूक्ष्मदर्शकासारखा वापरता येतो, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची जाळी पन्नास मुलांना एकदम दाखवता येते. चारशे रुपयांत! आणि हे सगळे एका ‘चालत नाही’पायी अडते. शहरातली शाळा नवे घेईल. मार बसतो तो ज्या शाळेला दुसरे काही घेता येत नाही तिला.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत, आणि त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. शाळेने कॅमेरा घेताना खरेदीच्या कागदावर ‘यूव्हीसी असावा’ एवढे लिहावे. दुकानदाराने ‘चालत नाही’ म्हणण्याआधी हजेरीपट आणि रोजनिशी पाहावी. ज्याला शेतातली मोटार तपासता येते त्याच्या मुलाला हे जड नाही. संगणकाच्या क्लासात निदान दोन तास यंत्राचे संदेश वाचायला द्यावेत. आणि लिनक्सच्या जाणकार मराठी मंडळींनी हे संदेश मराठीत समजावून लिहावेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ हे लिनक्स आणले. पाया घातलेला आहे. त्यावर ‘उणे ७१ म्हणजे तार पाहा’ असे सांगणारी दोन पाने लिहायला कोणाची परवानगी लागते?

हे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत तुमच्यासमोर कोणी ‘लिनक्सवर वेबकॅम चालत नाही’ म्हणाले, तर वाद घालू नका. शांतपणे एवढेच विचारा, “संदेश काय आला होता?” आणि उत्तराची वाट पाहा.